फुईला गाण्याला जायचंय

प्रकाशे,
३ ऑक्टोबर २०२१

चि. नूतन हिस फुईचे आशीर्वाद.

तुझं पत्र आणि भगरीची पिशवी वीरसिंगने काल फाट्यावर दिली. जीप थांबवून स्वतः खाली उतरला आणि म्हणाला, "नर्सबाईंनी हातातच द्यायला सांगितलंय." भगर चांगली आहे, खडे मात्र पुष्कळ निघाले. सहा वर्षांची असताना तुझ्या बापाने, माझ्या भावाने, तुला माझ्याकडे आणून सोडलं, तेव्हापासून खडे निवडायचं काम तुझंच. आता चष्मा लावून मीच बसते.

आता कामाचं. तुमच्या डोंगरात फोन लागला असता तर दोन मिनिटांत विचारून झालं असतं. परवा नंदुरबारहून तरुणशेठचा फोन आला. सरकार आता सभागृहं उघडतंय, म्हणून त्याच्या वडिलांनी, इंदरमलशेठनी, मंडळाची संगीत सभा यंदा भरवायचीच असं ठरवलंय. २ जानेवारी, रविवार. इंदूरच्या एक बाई गायला येणार आहेत. शेठजींचं वय शहाऐंशी झालं. त्यांनी मुद्दाम निरोप दिलाय, तापीबाई आल्या नाहीत तर मी कोणाकडे बघून मान हलवू?

नूतन, समोर बसून गाणं ऐकून मला पावणेदोन वर्षं झाली. रेडिओ आहे, मोबाइलवरही भाचेसुनेने लावून दिलं होतं. पण ते म्हणजे दुसऱ्याच्या घरातला स्वयंपाक खिडकीतून वास घेऊन खाण्यासारखं.

तुला माहीत आहे, मी गाण्याला कशी लागले ते. तुझे फुवा कापूस घेऊन नंदुरबारला गेले होते, मीही बाजाराला म्हणून गाडीत बसले. संध्याकाळी धर्मशाळेच्या भिंतीआडून काहीतरी घुमायला लागलं. मला वाटलं, जिनिंगचं यंत्र आहे. फुवा म्हणाले, यंत्र नव्हे, तंबोरा. आम्ही दारात चपलांजवळ बसलो. इंदरमलशेठ तेव्हा तरुण होते, बाहेर आले आणि आम्हाला आत सतरंजीवर बसवलं. गूजर शेतकऱ्याची बायको डोक्यावर पदर घेऊन तिथे बसली म्हणून काही लोक वळून बघत होते. पुढच्या वर्षीपासून बघेनासे झाले. फुवा गेल्यावरही मी एकही वर्ष चुकवलं नाही.

पण एप्रिलमध्ये तू माझ्याकडून शब्द घेतलास, मी हो म्हणेपर्यंत गर्दीत जायचं नाही. तो मी पाळलाय. दोन लग्नं सोडली, एका दशक्रियेलाही गेले नाही. म्हणून विचारते. जाऊ का?

बाकी सगळं ठीक. गावात शाळेत लसीचं दुसरं शिबिर झालं, बरेच लोक गेले होते. तब्येत छान आहे.

तुझी,
फुई

---

उपकेंद्र, मोलगीच्या पुढे,
१४ ऑक्टोबर २०२१

ती. फुईस नमस्कार.

नाही.

आधी उत्तर लिहिलं, म्हणजे कारणं वाचताना तुला आशा लागून राहणार नाही.

बंद दारं, तीनशे माणसं आणि चार तास. त्यात गाणं रंगलं की तुम्ही लोक गप्प बसत नाही. दाद देता, शेजारच्याच्या मांडीवर थाप मारता. शेठजी तर कोणता सूर कसा लागला ते पुढच्या माणसाच्या कानात वाकून सांगतात. मी दोन महिने नंदुरबारच्या कोविड वॉर्डात होते. ही सभा मी डोळ्यांपुढे आणली की मला वेगळंच दिसतं. तू एकाहत्तर वर्षांची आहेस आणि मला दुसरी फुई नाही. एक वर्ष थांब. मी तुला मोठा स्पीकर आणून देते.

आता माझं. इथे लस घ्यायला कोणी तयार नाही. पाड्यात फुलीबाई म्हणून एक म्हातारी आहे. वय विचारलं तर म्हणते, खालचा रस्ता झाला तेव्हा मला दोन मुलं होती. सगळ्या बाळंतपणांना तीच धावते, त्यामुळे तिचा शब्द चालतो. तिने हात पुढे केला तर पाडा करेल, नाहीतर मी लसीचा डबा घेऊन दिवसभर उन्हात बसते आणि भरलेलाच परत आणते. असं पाच वेळा झालं.

सहाव्या वेळी मी तिला तुझं सांगितलं. म्हटलं, माझी फुई तुझ्याच वयाची आहे, दोन्ही सुया घेतल्या आणि खुशाल शेतात जाते. तर ती जवळ सरकून बसली. फुईला ताप किती दिवस होता, जेवण गोड लागतं का, झोप येते का, सगळं विचारलं. मी तुझ्या वतीने उत्तरं दिली. म्हणाली, विचार करते. फुई, इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा 'विचार करते' म्हणाली आहे.

तुझी,
नूतन

---

प्रकाशे,
२२ ऑक्टोबर २०२१

चि. नूतन,

तुझं पत्र वाचलं, आता लपवणं बरं नव्हे. म्हणून लिहूनच टाकते. मी सुई घेतलेली नाही. एकही नाही.

पहिल्या शिबिराच्या दिवशी सकाळी लुगडं बदलून, आधारकार्ड घेऊन घरातून निघाले. शाळेच्या कोपऱ्यापर्यंत गेले. मग तशीच वळून आपल्या केळीच्या बागेत जाऊन बसले. शिबिराची गाडी पुलावरून गेल्याचं दिसलं तेव्हा घरी आले. तू मोलगीच्या बाजारातून फोन करून 'झालं ना?' विचारलंस, मी 'झालं' म्हटलं. दुसऱ्या शिबिराच्या वेळीही तेच. शिबिर झालं होतं, एवढंच खरं.

मरणाला मी भीत नाही. शेजारची धनुबाई सांगत होती, तिच्या नणंदेच्या गावात एकाला सुई घेतल्यापासून कानात सारखं शिट्टी वाजल्यासारखं होतं. शाळेच्या कोपऱ्यावर तेच आठवलं आणि मी मागे फिरले. मला मूल नाही, शिक्षण सातवीचं, शेत वाट्याने दिलेलं. मन्हा कान हाईच मन्ही इस्टेट शे. तीच गेली तर मी काय करू?

आणि आता गंमत ऐक. तरुणशेठचा पुन्हा फोन आला. दोन्ही सुयांचं प्रमाणपत्र असल्याशिवाय सभेला दारातून आत घेणार नाहीत म्हणे. म्हणजे तू 'जा' म्हटलं असतंस तरी मी दारातूनच परत आले असते. तेव्हा तुझी परवानगीही नको नि स्पीकरही नको.

त्या फुलीबाईला माझ्या नावाने तू खोटं सांगितलंस, ते माझ्यामुळे. मला फार लाज वाटते.

फुई

---

उपकेंद्र,
३० ऑक्टोबर २०२१

फुई,

पत्र वाचून मी तुझ्यावर एवढी रागावले की दोन दिवस लिहायलाच बसले नाही. तुझ्या नावावर मी एका म्हातारीला भरीला घालत होते.

तिसऱ्या दिवशी फुलीबाईकडे गेले. ती अंगणात मोह वाळवायची टोपली विणत होती. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं, माझ्या फुईने सुई घेतलेली नाही, कान जातील या भीतीने ती केळीत लपून बसली, मला ती खोटं बोलली आणि मी तुला. मला वाटलं, आता ही मला पुन्हा पाड्यात पाय ठेवू देणार नाही.

फुलीबाईने टोपली खाली ठेवली आणि हसायला लागली. इतकी हसली की सून बाहेर आली. मग भिलीत म्हणाली (मला आता बरीचशी कळते), "केळीत लपली? मी तुझ्या गाडीचा आवाज आला की नाल्यात लपते." मग गंभीर होऊन म्हणाली, "आता मला तुझ्या फुईचा विश्वास वाटतो. ती माझ्यासारखीच घाबरते. तिला सांग, आधी तिने घ्यावी. तिचे कान राहिले तर मी घेईन."

तेव्हा आता हे तुझ्या हातात आहे. एकट्या तुझं राहिलेलं नाही.

कानांबद्दल खरं तेच लिहिते. जगात कोणालाच काही झालं नसेल असं मी शपथेवर सांगू शकत नाही. मी स्वतः चारशेच्या वर लोकांना लस दिली. ताप आला, दंड दुखला, एक जण चक्कर येऊन पडला. कानाची तक्रार घेऊन माझ्याकडे कोणी आलं नाही. उलट वॉर्डात मी ज्यांना पाहिलं, त्यांचं काय काय गेलं ते मला माहीत आहे.

आणखी एक. आत्ता पहिली घेतलीस तर दुसरी चौऱ्याऐंशी दिवसांनी, म्हणजे जानेवारी संपता संपता. २ तारखेची सभा तुला मिळणार नाहीच. गाण्याचं आमिष मी दाखवू शकत नाही. तरी घे.

नूतन

---

प्रकाशे,
१२ नोव्हेंबर २०२१

चि. नूतन,

घेतली. भाऊबीज झाल्यावर, ८ तारखेला. एसटीचा संप चालू आहे, म्हणून वाटेकऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून शहाद्याला गेले. तिथली पोरगी तुझ्याएवढीच होती. तिला म्हटलं, "बाई, सावकाश, मन्हा कानले लागाले नको." ती म्हणाली, "आजी, सुई दंडात देते मी." शेजारचे सगळे हसले. मीही.

दुसऱ्या दिवशी ताप आला. अंग मोडून आलं. मी खाटेवर डोळे मिटून पडून राहिले आणि कानांची परीक्षा घ्यायला लागले. चिमण्या ऐकू आल्या. नळाला पाणी आलं ते ऐकू आलं. पण हे आवाज मोठेच, म्हातारा बैलही ऐकेल. बारीक आवाज हवा होता. तेवढ्यात भिंतीपलीकडे धनुबाई आपल्या सुनेला अगदी हळू आवाजात म्हणाली, "डोकरी जिती शे का पाही ये बरं." मी खाटेवरूनच उत्तर दिलं, "जिती शे व माय, आनि आयकी बी ऱ्हायनी."

ती सून अजून माझ्यापुढे यायला लाजते.

फुलीबाईला सांग, कान जागेवर आहेत. दंड दोन दिवस दुखतो, त्या दिवसांत दळण करू नको म्हणावं. सोबत ज्वारीच्या बिबड्या पाठवते. पापडासारख्या निखाऱ्यावर भाजायच्या म्हणून सांग, नाहीतर कच्च्याच खाईल.

तुझ्यावरचा माझा राग गेला, म्हणजे मुळात नव्हताच. तुझा गेला का?

फुई

---

उपकेंद्र,
२९ नोव्हेंबर २०२१

ती. फुईस,

तुझं पत्र मी फुलीबाईच्या अंगणात मोठ्याने वाचलं. धनुबाईचं वाक्य मला तीनदा वाचावं लागलं. मग फुलीबाई उठली, बाही वर केली आणि पाड्यातल्या लोकांना म्हणाली, "खालच्या म्हातारीने मान राखला, आता आपला राखू." त्या दिवशी एकतीस जणांनी लस घेतली. डबा रिकामा घेऊन मी टेकडी उतरले तेव्हा चालता चालता गात होते. कोणी बघत नव्हतं.

बिबड्या तिने दोन दिवसांत संपवल्या. दुसरी सुईही तू घेतल्यावरच घेणार म्हणते. आणि सारखं विचारते, त्या गाण्यात असं काय आहे की तुझी फुई कानांसाठी एवढी घाबरली? मला सांगता येईना. मी म्हटलं, ऐकल्याशिवाय कळणार नाही. ती म्हणाली, मग ऐकव.

राग गेला.

नूतन

---

प्रकाशे,
८ जानेवारी २०२२

चि. नूतन,

सभा रद्द झाली हे तुला तिकडे कळलंही नसेल. करोनाचा तो नवा प्रकार आला आणि पन्नासच माणसांची अट लागली. तरुणशेठ स्वतः गाडी घेऊन घरी सांगायला आला. बिचाऱ्याचा चेहरा उतरला होता. म्हणाला, "तापीकाकी, आता ६ मार्चला धरलीय. तेव्हा तरी होऊ दे." मी त्याला चहा दिला, वाईट वाटल्यासारखं केलं. पण मनातून मला उकळ्या फुटत होत्या. माझी दुसरी सुई ३१ जानेवारीला आहे. म्हणजे ६ मार्चला मला कोणी दारात अडवणार नाही.

सगळ्यांची सभा बुडाली आणि मला आनंद झाला. देव मला क्षमा करो.

तेव्हा पुन्हा विचारते, जाऊ का? या वेळी माझी एक अट आहे. तू बरोबर आलीस तरच जाईन. लहानपणी तू माझ्या मांडीवर बसून ऐकायचीस, मध्येच झोपायचीस आणि टाळ्यांनी जागी व्हायचीस. जूनपासून तू डोंगर उतरलेली नाहीस. दिवाळीलाही आली नाहीस. मला गाण्यापेक्षा तुला बघायचंय.

फुई

---

उपकेंद्र,
२० जानेवारी २०२२

ती. फुईस,

हो. जा.

दोन्ही लसी झालेल्या असतील, नवा आजारही आता उतरणीला लागेल असं आमचे डॉक्टर म्हणतात. दाराजवळ बस, मास्क काढू नको, शेठजींना कानात बोलू देऊ नको. नऊ महिने तू शब्द पाळलास, आता मी तुला अडवणार नाही.

माझं जमणार नाही. रजा मिळत नाही. रजिस्टरं अपुरी आहेत, मार्चमध्ये तपासणी असते. फुलीबाई मात्र यायला तयार आहे. वीरसिंगच्या जीपमधली पुढची जागा तिने आत्ताच सांगून ठेवली आहे. तिला सांभाळशील ना?

नूतन

---

प्रकाशे,
३ फेब्रुवारी २०२२

चि. नूतन,

दुसरी सुई झाली. कान ठीक. फुलीबाईला कळव.

आता तुझं. वीरसिंगला मी विचारलं, नर्सबाईंना रजा का मिळत नाही? तो म्हणाला, डॉक्टरांनी दोनदा 'घरी जाऊन या' सांगितलं, त्याच नाही म्हणतात. त्या भल्या माणसाला बोलू नको, मीच खोदून विचारलं.

मी केळीत लपले होते, ते तुला लिहून कळवलं. तू त्या डोंगरात कशापासून लपली आहेस? मी रागावून विचारत नाही. तुला वाटेल तेव्हा लिही. नाही लिहिलंस तरी मी तुझी फुईच आहे.

फुई

---

उपकेंद्र,
१२ फेब्रुवारी २०२२

फुई,

लिहिते. पण यावर फोनवर किंवा समोर लगेच बोलू नकोस.

वॉर्डात एकेचाळीस खाटा होत्या. दुपारी थोडा वेळ बोलणं, धावपळ सगळं थांबायचं. मग फक्त श्वास ऐकू यायचे, एवढ्या माणसांचे एकदम. त्यांतून कोणाचा बिघडतोय ते मी खुर्चीत बसल्या बसल्या ओळखायला शिकले. नवव्या खाटेचा, तिसाव्या खाटेचा. तूच मला ऐकायला शिकवलंस ना, कोणता तंबोरा उतरलाय ते मी आठ वर्षांची असताना सांगायचे. ते कान मी तिथे वापरले. कधी वेळेवर पोचले, कधी नाही पोचले.

सभेत गाणं सुरू व्हायच्या आधी एक शांतता होते. तंबोरे जुळलेले असतात, गाणाऱ्या बाईंनी डोळे मिटलेले असतात आणि मागे तीनशे माणसं श्वास धरून बसलेली असतात. तुला तीच वेळ सगळ्यांत आवडते, तू नेहमी सांगायचीस. मला तिथे बसवणार नाही, फुई. मोलगीच्या बाजाराच्या दिवशीसुद्धा मी कडेकडेने जाते. इथे पाड्यात घरं लांब लांब आहेत. एका वेळी एकाचाच श्वास ऐकू येतो. म्हणून बरं वाटतं.

ऑक्टोबरात तुला 'नाही' म्हटलं, त्यात थोडी तुझी काळजी होती आणि बरीच माझी भीती होती.

नूतन

---

प्रकाशे,
२० फेब्रुवारी २०२२

माझ्या बाळा,

पत्र वाचलं, घडी घालून फडताळात ठेवलं आणि भाकऱ्या थापल्या. मग हात धुऊन पुन्हा वाचलं.

तू कोणाकोणाजवळ वेळेवर पोचलीस, त्यांच्या घरी आज कोणीतरी चहा पीत बसलेलं असेल. यापेक्षा जास्त शहाणपणाचं मला काही सुचत नाही.

दुसऱ्या दिवशी मी नंदुरबारला इंदरमलशेठकडे गेले. तुझं नाव काढलं नाही. म्हटलं, "शेठजी, बंद दारांत बसायची मला भीती वाटते." माझा अंदाज होता की ते हसतील. त्यांनी इकडे तिकडे बघितलं, सून आत गेल्याची खात्री केली आणि म्हणाले, "तापीबाई, मुझे भी. डॉक्टरने मला सभागृहात जायला मना केलंय. तरुणला सांगितलं नाही, नाहीतर तो सभाच रद्द करेल." म्हणजे आपण सगळेच कुठे ना कुठे लपलेलो होतो.

मग तरुणला बोलावलं. तासभर बोलणं झालं आणि ठरलं की सभा उघड्यावर घ्यायची. त्यांची गावाबाहेरची मिरचीची पथारी आहे ना, लाल मिरची वाळत घालतात ते मोठं मैदान, ते आता बरंच रिकामं झालंय. तिथेच मांडव घालायचा. बैठक सकाळी आठला, ऊन चढायच्या आत संपवायची. माणसं निम्मीच, खुर्च्या लांब लांब. गवराबाई, शेठजींची बायको, एवढंच म्हणाल्या, "मिरची झाडून घ्या म्हणजे झालं."

तू उशिरा ये. मुद्दाम उशिरा. गाणं सुरू झाल्यावर मागून ये, मागेच बस. ती शांतता तुझ्या वाटणीची मी ऐकून घेईन. नाही बसवलं तर उठून जा, जीप बाहेरच उभी असेल. फुलीबाईला सोबत म्हणून ये, एवढं समज.

फुई

---

उपकेंद्र,
८ मार्च २०२२

ती. फुईस,

परवा वीरसिंगला भर दुपार व्हायच्या आत घाटाखाली पोचायचं होतं, त्यामुळे तुझ्याशी धड बोलताच आलं नाही. तू पुढे शेठजींच्या शेजारी बसलेली, तुला मागचं काहीच दिसलं नसेल. ते सांगते.

आम्ही पहाटे निघालो. फुलीबाईने चांदीचं सगळं अंगावर घातलं होतं, गळ्यातलं, पायातलं, दंडातलं. पथारीवर पोचलो तेव्हा गाणं सुरू होऊन अर्धा तास झाला होता. मी शेवटच्या ओळीत, अगदी कडेची खुर्ची घेतली. सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या, मोकळं आभाळ होतं, गाणं चांगलं वाटत होतं. पण हात मांडीखाली दाबून बसले होते. फुलीबाई मला म्हणाली, "ही बाई एकाच ठिकाणी फार वेळ खणते." मी म्हटलं, थांब.

मग वारा फिरला.

तुला पुढे आधी कळलं असेल. पथारीच्या त्या टोकाला उरलेल्या मिरचीचा ढीग ताडपत्रीखाली होता, तिचं एक टोक सुटलं. बाई वरच्या सुरावर पोचल्या होत्या आणि तिथेच त्यांना शिंक आली. मग तबल्याला. मग पहिली ओळ खोकली, दुसरी खोकली, आणि ते खोकणं माझ्या दिशेने येताना मला ऐकू येत होतं. दीडशे माणसं एकदम खोकत होती. लोक घाबरून एकमेकांकडे बघत होते, कोणी मास्क वर ओढत होतं, कोणी खुर्ची मागे सरकवत होतं. मी उठले. जीपकडे चार-पाच पावलं गेलेही.

आणि मला शिंक आली. लागोपाठ सहा.

तेवढ्यात इंदरमलशेठचा आवाज आला. माइक नव्हता, तरी शेवटच्या ओळीपर्यंत आला, "अरे बसा, बसा. करोना नही, मिरची शे."

मग जे हसू उसळलं ते तूही ऐकलंस. पण मागून ते कसं दिसलं ते सांगते. इतका वेळ जपून लांब लांब बसलेली माणसं पोट धरून वाकली होती. डोळे पुसत होती, पुन्हा खोकत होती, पुन्हा हसत होती. गाणाऱ्या बाई तंबोऱ्याला टेकून हसत होत्या. मी जिथे होते तिथेच मातीत बसले. हसताना माझं नाक वाहत होतं, तर फुलीबाईने आपल्या पदराने ते पुसलं, लहान पोराचं पुसतात तसं.

तरुणशेठने गुळाचं पाणी वाटलं, ढीग झाकला. बाईंनी पुन्हा डोळे मिटले. आणि फुई, ती शांतता झाली. मी तिच्यात सापडले, उठायला वेळच नव्हता. मी ऐकलं. सगळीकडून सूं सूं आवाज येत होता. दीडशे वाहती नाकं. कोणाचाही श्वास बिघडलेला नव्हता, मी नीट ऐकलं, सवयीने. मग बाईंनी सूर लावला आणि मी बसून राहिले. शेवटपर्यंत.

संपल्यावर फुलीबाई म्हणाली, "खूप खणलं, पण पाणी लागलं."

तुम्ही दोघी भेटलात तेव्हा मी लांबून बघत होते. तू तिच्या दंडाला हात लावलास, तिने तुझ्या. मग तिने तुझे दोन्ही कान धरून बघितले. तुला कळलं ना, ती काय बघत होती?

आता तिचा निरोप. पुढच्या आठवड्यात होळी आहे. ती म्हणते, तुझ्या फुईचं गाणं मी बसून ऐकलं, आता तिने येऊन आमचे ढोल उभं राहून ऐकावेत. दहा पाड्यांचे लोक येतील, पायात घुंगरू, डोक्यावर मोरपिसं, खांद्याला खांदा लावून नाचतील. गर्दी किती असेल ते मी लपवत नाही. पण उघड्यावर असेल, आणि मी तुझ्या शेजारी असेन.

फुई, येशील का?

नूतन

---

प्रकाशे,
१५ मार्च २०२२

चि. नूतन,

येते.

त्या दिवसापासून मला रस्त्यात कोणी ओळखीचं भेटलं की आधी शिंकल्याचं नाटक करतं. इंदूरच्या बाईंनी शेठजींना निरोप पाठवलाय, पुढच्या वर्षी बोलावलंत तर पथारीवरच बोलवा, बंद सभागृहात मजा नाही. शेठजी तो निरोप रोज नव्या माणसाला सांगतात. तरुणला डॉक्टरचं कळलं, तो दोन दिवस रागावला, तिसऱ्या दिवशी स्वतः बापाला घेऊन तपासणीला गेला.

तू शेवटपर्यंत बसलीस हे मला तिथेच कळलं होतं. मी एकदा मागे वळून बघितलं होतं. तुझं डोकं हलत होतं, समेवर, बरोबर.

काल मी पिशवी भरत होते तेव्हा धनुबाई भिंतीवरून डोकावली. म्हणाली, "या वयमा इतली दूर, आनि इतली गर्दीमा? कोनले इचारं का नही?" मी सांगितलं, "मी इचारीसन नही जाई ऱ्हायनी, माय. माले बलायेल शे."

बिबड्यांचा डबा भरलाय, या वेळी मोठा. फुलीबाईला मान देण्यासाठी लुगडं घेतलंय, लाल, तिच्या चांदीवर उठून दिसेल असं. पायात मऊ चपला घालते, कारण उभंच राहायचं तर नीट उभी राहीन, आणि कोणी हात धरून ओढलं तर नाही म्हणणार नाही.

हे पत्र वीरसिंगला द्यायला फाट्यावर आले, तर तो म्हणतो, काकी, तुम्हीच चालला आहात, मग पत्र कशाला? त्याला म्हटलं, तू हे नेहमीसारखं नर्सबाईंच्या हातात दे, मी मागून उतरते.

पुढच्या जागेवर बसून लिहितेय, म्हणून अक्षर हलतंय. जीप सुरू झाली.

फुई